लयैक्याची नीती

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसास गणेशोत्सवातील आरती ही वर्षातून एकदा घरी जाऊन आल्यासारखी वाटते. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात, तेथील मंडळाच्या मांडवात मागल्या रांगेत टाळ घेऊन उभा असताना, एक अगदी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. आरंभी शे-दीडशे माणसांच्या टाळ्या विस्कळीत होत्या. कोणाची चाल कोकणातली, संथ. कोणाची नागपूरकडील, जरा जलद. परप्रांतातच वाढलेल्या मुलांची तर तिसरीच. दुसरे कडवे लागेपर्यंत मात्र सर्वांच्या टाळ्या एकाच क्षणी पडू लागल्या. कोणी खूण केली नव्हती, कोणी पुढारपण घेतले नव्हते. पुढे पुढे तर ती लय इतकी वाढत गेली की वृद्धांची दमछाक होऊ लागली. मी टाळ जरा आवरून वाजविण्याचा प्रयत्न केला. दोन मात्रांनंतर माझाही हात इतरांबरोबरच धावू लागला. आरती संपल्यावर शेजारच्या गृहस्थांना विचारले, "आज एवढी घाई कोणास होती?" ते हसून म्हणाले, "मला नव्हती बुवा. मला वाटले, आपल्यालाच आहे!"

घाई कोणाचीच नव्हती आणि सर्वांनी केली. हा प्रसंग विनोदी खरा. परंतु ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत घालविली आहेत, त्यास तो सर्वस्वी विनोदी वाटणार नाही. अनेक माणसे एका सुरात बोलू लागली म्हणजे त्या सुराचा धनी कोण? आणि तो सूर जुळला, एवढ्यावरून तो खरा ठरतो काय? हा प्रश्न माझ्यापुरता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम थोडा शास्त्राचा विचार करू. १६६५ सालच्या फेब्रुवारीत ख्रिस्तियान हायगेन्स हा थोर डच शास्त्रज्ञ प्रकृती बरी नसल्यामुळे काही दिवस खोलीतच पडून होता. समुद्रावर रेखांश निश्चित करता यावेत म्हणून त्याने लंबकाची दोन घड्याळे करविली होती, व ती एकाच तुळईला टांगलेली होती. त्या दोन घड्याळांचे लंबक एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, पण अचूक एकाच ठेक्यावर हलत आहेत, असे त्याच्या दृष्टीस पडले. त्याने मुद्दाम त्यांची लय बिघडविली; अर्ध्या तासाच्या आत ती पूर्ववत जुळली. मग त्याने ती घड्याळे एकमेकांपासून दूर टांगून पाहिली, तेव्हा दिवसाकाठी दोहोंत सुमारे पाच सेकंदांचे अंतर पडू लागले. हवेच्या हालचालीने हे घडत असावे, असे त्यास आरंभी वाटले. पण खरे कारण ती सामाईक तुळईच होती. लंबकाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर तुळई डोळ्यांस न दिसेल इतकी हलत होती, व एका घड्याळाची स्थिती दुसऱ्यास कळवीत होती.

या प्रयोगात एक सूक्ष्म बोध आहे. दोन घड्याळे जुळली याचा अर्थ ती बरोबर वेळ दाखवितात, असा होत नाही. ती एकाच तुळईला टांगलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीवरील दोन घड्याळे एकच वेळ दाखवीत असलेली पाहून आपला विश्वास दुणावतो; पण तुळई एकच असेल, तर तो दुणावण्यास काही आधार नाही.

हायगेन्सनंतर सुमारे तीनशे वर्षांनी या विषयास गणिताचे रूप आले. आर्थर विन्फ्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये, व त्यापुढे जाऊन योशिकी कुरामोतो या जपानी शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये, पुष्कळ आंदोलकांचा एकत्र विचार केला. प्रत्येकाची स्वतःची एक स्वभावगती आहे, आणि प्रत्येकास इतरांची थोडीथोडी ओढ आहे, अशी कल्पना करावी. ओढ एका विशिष्ट मर्यादेच्या खाली असेल तोवर समुदायात काहीही घडत नाही. प्रत्येक जण आपापल्या गतीने चालतो. ती मर्यादा ओलांडली की ज्यांच्या गती मध्यम आहेत, त्यांचा एक गट जुळतो. ओढ वाढेल तसतसा तो इतरांस आपल्यात घेत जातो. आणि फार मंद व फार जलद असे जे असतात, ते सर्वांत शेवटपर्यंत बाहेर राहतात. आरतीच्या मांडवात घडते ते यापेक्षा फारसे निराळे नसावे.

परंतु कुरामोतोच्या मूळ विचारात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सारखाच संबंध गृहीत धरलेला होता. प्रत्यक्ष जगात तसे कोठेच नसते. कोणाचा कोणाशी संबंध आहे, म्हणजे जाळ्याची वीण कशी आहे, यावर फार अवलंबून असते. १९९८ मध्ये डंकन वॉट्स व स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोघांनी याचा शोध घेतला. रातकिडे एका तालात कसे किरकिरतात, या कुतूहलातून तो निघाला होता. प्रत्येकाचा संबंध केवळ शेजाऱ्यांशीच असेल, तर एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकास पोहोचण्यास अनेक हात लागतात. त्यांतील थोडेसेच दुवे सोडवून दूरच्या कोणाशी जोडले, की सारे जाळे एकाएकी आखूड होते. असे दूरचे दुवे लयैक्यासही साहाय्यक होतात, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. खेड्याखेड्यांतून पायी जाणारी वार्ता आणि मध्येच निघालेली आगगाडी, यांत जो फरक तोच हा.

येथवर ऐकणाऱ्यास वाटेल की दुवे वाढवावेत, अंतरे कमी करावीत, म्हणजे ऐक्य आलेच. २००३ मध्ये निशिकावा, मॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीस धक्का दिला. ज्या जाळ्यात काही थोड्या बिंदूंकडे फारच दुवे एकवटलेले असतात व बाकीच्यांकडे एक-दोन असतात, तेथे सरासरी अंतर कमी असूनही लय जुळणे कठीण जाते. केंद्रस्थानी असलेल्यावर चोहोंकडून इतके आघात होतात की तोच डळमळतो. प्रत्येक बिंदूवर येणाऱ्या ओढीस त्याच्या दुव्यांच्या संख्येने भागले, तर ही अडचण कमी होते, असेही पुढे आढळले. ज्याच्या टेबलावर दररोज दोनशे कागद येतात, त्यास हे गणितावाचूनही कळेल.

मात्र यापुढचा निष्कर्ष मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. कमीत कमी दुव्यांत, सर्वांत सुलभपणे लयैक्य साधावयाचे असेल, तर जाळ्याची वीण कशी असावी? निशिकावा व मॉटर यांनी २००६ मध्ये याचे उत्तर दिले, ते असे: वृक्षासारखी. मुळापासून फांद्यांकडे, फांद्यांपासून पानांकडे आज्ञा वाहावी. प्रत्येकावर येणारी ओढ सारखी असावी. आणि खालून वर परत जाणारा एकही मार्ग नसावा. पानाने मुळास काही सांगावयाचे नाही, अशी जेथे व्यवस्था असेल, तेथे सर्वजण सर्वांत सहज एका तालात येतात.

शास्त्रज्ञांनी हे आंदोलकांविषयी सांगितले आहे, राज्यकारभाराविषयी नव्हे. गणितातील बिंदू आणि माणूस यांत भेद आहे, हे मी विसरलेलो नाही. तथापि ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण मला एक जुनी मिसल आठवली.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी उत्तरेतील एका जिल्ह्याशी संबंधित अशा पदावर होतो. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस नदीला पूर येऊन गेला होता, व पिकांच्या स्थितीविषयी सहा तहसिलींतून अहवाल मागविले होते. पाच तहसिलींचे अहवाल दोन दिवसांत दूरध्वनीवरून आले. पाचही ठिकाणी स्थिती "सर्वसाधारणतः समाधानकारक" होती. सहावी तहसील नदीपलीकडे. तिकडील तारा पुरात पडल्या होत्या. तेथील नायब तहसीलदारांचे टिपण चार दिवस उशिरा, होडीने आलेल्या शिपायाच्या हाती आले. ते हाताने लिहिलेले होते, अक्षर वाईट होते, आणि त्यात लिहिले होते की भात कुजले आहे, लोक गुरे विकू लागले आहेत, साहाय्य त्वरित पाठवावे.

मी काय केले? जे कोणीही केले असते तेच केले. पाच विरुद्ध एक. त्या टिपणावर "पडताळणी करावी" असा शेरा मारला, आणि वर पाठविण्याच्या अहवालात "सर्वसाधारणतः समाधानकारक" हेच शब्द घातले. पडताळणी होऊन साहाय्य निघेपर्यंत दोन महिने गेले. तेव्हा मी स्वतः नदीपलीकडे गेलो. ज्या गोठ्यांत जनावरे असावयाची, ते रिकामे होते. कित्येक घरांतील कर्ती माणसे मजुरीसाठी परमुलखात निघून गेली होती. पाचांपैकी दोन तहसिलींतही तीच अवस्था होती, हे त्यानंतर उघड झाले.

ते पाच अहवाल एकसारखे का होते, याचा उलगडा फार सोपा होता. जिल्ह्याच्या कचेरीतून एकच कारकून पाचही ठिकाणी दूरध्वनी करी व विचारी, "बाकीच्यांनी समाधानकारक कळविले आहे; आपले काय लिहू?" त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. लवकर काम उरकावे, एवढीच त्याची इच्छा. पहिल्याने ते शब्द का उच्चारले, हे त्यालाही आठवत नव्हते. नदीकाठी उभ्या असलेल्या त्या नायब तहसीलदारांना मी विचारले, "आपण एकट्यानेच निराळे कसे लिहिलेत?" ते संकोचून म्हणाले, "साहेब, बाकीच्यांशी माझा फोन लागत नव्हता. म्हणून शेतात जाऊन पाहिले."

त्या वाक्यात स्वतःचा मोठेपणा लेशमात्र नव्हता, आणि म्हणूनच ते मला आजवर विसरता आलेले नाही. फोन लागला असता तर त्यांनीही "समाधानकारक" असेच म्हटले असते काय? कदाचित म्हटले असते. त्यांचे धैर्य इतरांहून अधिक होते, असे मी म्हणणार नाही. त्यांची तुळई वेगळी होती, एवढे मात्र खरे.

काँदॉर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्ये असे दाखवून दिले की निर्णय करणारा प्रत्येक जण चुकण्यापेक्षा बरोबर असण्याचा संभव थोडा जरी अधिक असेल, तर निर्णयकर्त्यांची संख्या वाढवावी तसतसा बहुमताचा निर्णय बरोबर असण्याचा संभव वाढत जातो. लोकशाहीचा हा फार मोठा आधार आहे. पण त्यास एक अट आहे: प्रत्येकाने आपला निर्णय स्वतंत्रपणे केलेला असला पाहिजे. माझ्यासमोर पाच साक्षी नव्हत्या. एकच साक्ष पाचदा उच्चारली गेली होती. मी मते मोजली, तुळया मोजल्या नाहीत. माझा अपराध तो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जुळणे हेच वाईट, आणि प्रत्येकाने आपापल्या बेटावर राहावे. हाही भ्रमच होय. आपल्या छातीत हृदयाच्या वरच्या भागात काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. त्यांचा ताल जुळतो म्हणून आपण जिवंत आहोत. उलट, मेंदूतील पेशींचे मोठे समुदाय वाजवीपेक्षा अधिक एका तालात आले की अपस्माराचा झटका येतो. एकाच देहात एके ठिकाणी जे जीवन, तेच दुसरे ठिकाणी व्याधी.

आपल्या देशातील विजेच्या जाळ्याचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. हे जाळे दर सेकंदास ५० आवर्तने या कंप्रतेवर चालते, आणि त्यास जोडलेले प्रत्येक जनित्र त्याच लयीत फिरावे लागते. प्रथम प्रादेशिक जाळी वेगवेगळी होती. १९९१ मध्ये पूर्व व ईशान्य ही जोडली गेली, २००३ मध्ये पश्चिम त्यांस मिळाले, २००६ मध्ये उत्तर. दक्षिणेचे जाळे मात्र पुढेही स्वतंत्र लयीतच चालत होते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली, आणि ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाची वीज गेली. दोन्ही वेळी बीना–ग्वाल्हेर या अतिभारित वाहिनीचे तुटणे निर्णायक ठरले होते. दक्षिणेस या संकटाची झळ लागली नाही. तिची लय निराळी होती.

मग यावरून धडा कोणता घ्यावयाचा? जाळी पुन्हा तोडावीत, असे कोणी म्हटले नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या वाहिनीने दक्षिणही उर्वरित देशाशी एका लयीत जोडली गेली. कारण जुळण्याचे लाभ फार मोठे आहेत. एके ठिकाणचे जनित्र बंद पडले तर त्याचा भार देशातील सर्व जनित्रे तत्क्षणी थोडाथोडा उचलतात. असे जाळे सुरक्षित ठेवण्याचा उपाय निराळा आहे: संकटसमयी काही भागांनी वेळीच अलग होऊन आपापला दिवा तेवत ठेवावा, व पुढे इतरांस पुन्हा उभे करावे, अशी योजना आधीच करून ठेवणे. जोडलेले असूनही अलग होण्याची पात्रता अंगी असणे, हेच ते होय.

येथे मला एक भेद करावासा वाटतो. काही गोष्टी अशा असतात की त्यांत जुळणे हेच त्यांचे मूल्य. विजेची कंप्रता ५० असावी की ६०, यात सत्यासत्याचा प्रश्न नाही. सर्वांची एक असली म्हणजे झाले. वेळेचेही तसेच. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत, आणि कलकत्त्याने आपली १९४८ पर्यंत सांभाळली. त्या हट्टात अभिमान होता. पण शेवटी आगगाडी गाठावयाची तर सर्वांचे घड्याळ एक हवे. अशा ठिकाणी जो वेगळा चालतो, तो इतरांस केवळ त्रास देतो. परंतु भात कुजले आहे की नाही, एखादा मनुष्य अपराधी आहे की नाही, हे आपल्या जुळण्यावर अवलंबून नसते. तेथे ऐक्य हे सत्याचे फळ म्हणून यावे. त्याची जागा घेण्यास येऊ नये. कारभारातील पुष्कळसा अनर्थ या दोन प्रकारांची गल्लत केल्यामुळे होतो. मिसली वेळेवर निकालात निघाव्यात म्हणून जी शिस्त आपण लावतो, तीच शिस्त मिसलीतील मजकुरासही नकळत लागते.

लयैक्यास किंमतही द्यावी लागते. रुमानिया व हंगेरी येथील नाट्यगृहांतील टाळ्यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांच्या टाळ्या एका तालात येतात तेव्हा प्रत्येक जण आपली गती जवळजवळ निम्मी करतो, आणि त्यामुळे एकंदर आवाज कमी होतो, असे त्यात आढळले. आवाज वाढवावयास गेले की ताल मोडतो. ताल धरला की आवाज उतरतो. प्रेक्षकांस दोन्ही हवे असते, म्हणून ते या दोहोंत झुलत राहतात. माणसांच्या कोणत्याही समुदायाची स्थिती याहून फार वेगळी नाही, व कायमचा तोडगा निघेल अशी आशाही मी करीत नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपणांसारख्यांस हा प्रश्न नित्याच्या जीवनातही भेटतो. जेथे राहतो तेथील लय उचलावी तर आपली हरवते. न उचलावी तर आपण कायमचे पाहुणे. दक्षिणेचे व पश्चिमेचे जाळे एका लयीत येण्यापूर्वीही त्यांच्यात विजेची देवाणघेवाण होत असे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे त्यासाठी केंद्र आहे: एका बाजूचा प्रत्यावर्ती प्रवाह तेथे एकदिश करावयाचा, व दुसऱ्या बाजूच्या लयीप्रमाणे तो पुन्हा प्रत्यावर्ती करावयाचा. वीज पलीकडे जाते. ठेका जात नाही. अशा केंद्रास यंत्रसामग्री पुष्कळ लागते, आणि थोडी वीज वाटेत वायाही जाते. दोन भाषांत संसार करणाऱ्यास त्या वाया जाणाऱ्या विजेची कल्पना सहज येईल. तरीही ते करण्यासारखे आहे, असे मला वाटते; कारण नदीपलीकडून येणारे निराळे टिपण वाचण्यासाठी कोणीतरी असे असावे लागते, की जो दोन्ही काठांचा आहे, आणि एकाही काठाच्या तालात पुरता बुडालेला नाही.

मी आता सेवानिवृत्त आहे. माझ्याकडे अहवाल येत नाहीत. तेव्हा पुन्हा पाच सारखी टिपणे व एक वेगळे समोर आले, तर माझा हात प्रथम कोठे जाईल, याची परीक्षा आता व्हावयाची नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण अद्याप सेवेत आहेत. त्यांच्यापुढे उद्या सहा कागद येतील. त्यांपैकी पाचांचे शब्द तंतोतंत जुळत असतील, तर शेरा मारण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे की यांतील कोण कोण शेतात जाऊन आले आहे.